उष्टं तेल

जागृतीचं तोंड चकाकतं. तेजानं वगैरे नाही, तेलानं. न्हावा शेव्याला आलेला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात ती कागदपत्रं बघते. सकाळी तिची स्कूटी ऑफिसखाली लागली की ट्रेलरवर बसलेले ड्रायव्हरसुद्धा आधी तिचं कपाळ बघतात. सावळा रंग, रुंद गाल आणि त्यावर खोबरेलाचा मनसोक्त हात फिरवलेला. लोक हसतात. हसू देत. या तेलासाठी ती भर हळदीत अख्ख्या मांडवाशी भांडली आहे, तेव्हा ते कोणाच्या हसण्यानं पुसलं जाईल हे विसरा.

तिचं माहेर उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावात. बाप गोटीराम, तरुणपणी मिठागरात राबलेला आणि जमीन बंदरात गेल्यावर भाड्याच्या खोल्या बांधून बसलेला. आई भागीरथी, तोंडानं फटकळ आणि मनानं भित्री. घरात झाडून सगळे सावळे, आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. जागृती कॉलेजला गेली, नोकरीला लागली, उन्हातान्हात कंटेनर यार्डाच्या चकरा मारू लागली, तरी आपला रंग ही काही बोलायची गोष्ट आहे असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आलं सोयरीक जुळल्यावर.

मुलगा नावड्याचा. दिपेश त्याचं नाव, तळोज्याला एका कारखान्यात सुपरवायझर. बोलायला बरा, वागायला बरा, आणि रंगानं जागृतीपेक्षा अर्धा हात पुढेच. पण त्याच्या रंगाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पुरुष काळा असला तर तो रांगडा, आणि बाई काळी असली तर मात्र तिच्या आईबापांनी हुंडा नाही तर निदान दिलगिरी तरी द्यावी, अशी आपली रीत! साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा नावड्याच्या बायकांनी ते मोबाईलवर मोठे करून करून बघितले आणि म्हणाल्या, पोरगी नाकीडोळी नीटस आहे हो, फक्त जरा…

ते 'फक्त जरा' दुरुस्त करायला सोनल पुढे आली. सोनल म्हणजे दिपेशची थोरली बहीण. नावडे कॉलनीत तिचं स्वतःचं पार्लर आहे, चांगलं चालतं. बाई मनानं वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे तिचा राग येईल. तिनं जागृतीला बाजूला घेतलं आणि हातात एक पांढरी डबी ठेवली. डबीवर नाव नाही, गाव नाही.

"फॉर्म्युला आहे आपला. झोपताना लाव रोज. लग्नात बघ कशी दिसतेस."

जागृतीनं लावलं. होणाऱ्या नणंदेनं प्रेमानं दिलेलं, नाही कसं म्हणणार? आणि ते लागूही पडलं. महिन्याभरात तोंड असं उजळलं की ऑफिसातले लोक थांबून विचारू लागले. भागीरथी तर हरखून गेली. आल्यागेल्याला सांगायची, "आमची जागू बघलीस का? वलखू पन येत नाय." आपल्या पोटच्या पोरीची ओळख पटत नाही याचा आनंद आईला व्हावा, इथवर गोष्ट गेली होती, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

मग उन्हाळ्यात एकदा जागृती मावशीकडे राहायला गेली आणि डबी घरी विसरली. दोन दिवसांत गाल पेटले. लाल, सुजलेले, हात लावला तरी आग. घरी येऊन पुन्हा लावलं तर शांत. सोडलं की आग, लावलं की शांत. त्या दिवसांत ती ऑफिसात जेवताना थंड पाण्याचा स्टीलचा पेला गालाला टेकवून बसायची. पेला कोमट झाला की दुसऱ्या गालाला नाही, दुसरा पेला. कोणी विचारलं तर सांगायची, गरम होतंय.

शेवटी ती पनवेलच्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी डबी उघडली, वास घेतला आणि न विचारताच सांगितलं, "पार्लरची ना? यात स्टेरॉइड असणार. रोज चार तरी मुली येतात." क्रीम कसं आणि कधी थांबवायचं ते त्यांनी सांगितलं, थोडी औषधं दिली, आणि बजावलं की आता तोंडाला मेकअप नाही, फेशियल नाही, ब्लीच नाही, लिंबू-बेसन-हळद काही नाही. कोरडं पडलं तर बिनवासाचं साधं काहीतरी. जागृतीनं विचारलं, तेल चालेल? "खोबरेल चालत असेल तुम्हाला तर लावा. पण तेलानं बरं होईल असं समजू नका. वेळ जाईल तसं बरं होईल. तेलाचं काम एवढंच, की ते तुमच्या कातडीला त्रास देणार नाही."

हे वाक्य जागृतीला फार आवडलं. त्रास न देणारं काहीतरी आपल्या तोंडाला लागावं, एवढीच तिची त्या वेळी इच्छा होती.

पण शहाणपण एका दिवसात येत नाही. तिनं पहिलं तेल उचललं ते गोटीरामचं. पडवीच्या कोनाड्यात त्याची करंजाच्या तेलाची जुनी बाटली होती. मिठागरात उतरताना माणसं पायांना करंजेल चोपडायची, म्हणजे खारं पाणी भेगांत शिरत नसे. खाऱ्या पाण्याला जे पुरून उरलं ते माझ्या गालांना काय भारी, असा हिशेब करून जागृतीनं ते तोंडाला फासलं आणि ऑफिसला गेली. करंजेलाचा वास ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. साहेबांनी एसी बंद करून खिडक्या उघडायला लावल्या, आणि गाल झोंबले ते वेगळंच. संध्याकाळी गोटीरामनं ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला. "अगो, ता पायांचा हाय! पायांना नाक नसतं, म्हनून चालतं!"

मग तिनं उरणच्या बाजारातल्या लाकडी घाण्यावरून खोबरेल आणलं. आधी कोपराच्या आत लावून बघितलं, मग मानेवर, मग गालावर. झोंबलं नाही. अंघोळीनंतर ओल्या तोंडावर चार थेंब, एवढंच. तेलानं जादू केली नाही. कित्येक आठवडे तोंड लालच होतं, साल निघत होती, आणि आरसा बघवत नव्हता. पण आग हळूहळू कमी झाली. पावसाळा सरता सरता तिचा जुना सावळा रंग गालांच्या कडेनं परत येऊ लागला. भागीरथी ते बघून हळहळायची. जागृती मात्र रोज सकाळी बघायची, आज किती परत आला. आपलं काहीतरी हरवलेलं सापडतंय, असं तिला वाटायचं, आणि तसंच ते होतं.

ऑफिसात चेष्टा झाली. कोणी म्हणालं, भजी तळून आलीस का गं? तिनं मनावर घेतलं नाही. एकदा साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, क्लायंट येतात, जरा प्रेझेंटेबल राहत जा.

"साहेब, कंटेनर काय माझं तोंड बघून सुटतात?" जागृती म्हणाली. "कागद चुकला असेल तर सांगा."

कागद चुकला नव्हता. साहेबांनी विषय बदलला.

लग्न ठरलं होतं तुळशीच्या लग्नानंतरचं. सोनलनं नवरीचं मेकअप पॅकेज फुकट देऊ केलं होतं, त्याला जागृतीनं सरळ नकार दिला. मी मेकअप करणार नाही, तोंडाला हळदसुद्धा लावणार नाही. हातापायांना लावा, तोंडाला फक्त तेल. डॉक्टरांचं सगळं तिनं समजावून सांगितलं. डबीचंही सांगितलं. सोनलचा आवाज पडला. "माझ्या शंभर गिऱ्हायकांना काय झालं नाही, तुलाच कसं झालं?" एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. दिपेशनं मात्र सांगितलं, तू म्हणशील तसं. हे त्यानं सांगितलं होतं, हे लक्षात असू द्या.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी गावभर माणूस लोटलं. आगरी हळद ती, लग्नाला कमी आणि हळदीला जास्त माणूस! मांडवात हॅलोजन पेटलेले, डीजे दणदणत होता. धवले म्हणायला सुंदराबाई आली होती. लग्नाचे विधी तिच्याच गाण्यावर चालतात, त्यामुळे तिचा मान मोठा आणि भूक त्याहून मोठी. पाच सुवासिनींनी आंब्याच्या पानानं जागृतीला तेल चढवलं, पाय, गुडघे, खांदे, डोकं. तिथवर सगळं ठीक झालं. आता वाट होती नावड्याहून येणाऱ्या उष्ट्या हळदीची. नवऱ्याच्या अंगाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ती आल्याशिवाय नवरीची हळद पुरी होत नाही.

गाड्या आल्या. सोनल पुढे, हातात सजवलेलं ताट, मागे नावड्याच्या बायका. सोनल अशी नटली होती की मोबाईल तिच्याकडेच वळले. ती जागृतीसमोर बसली, वाटीत बोटं बुडवली आणि हात सरळ गालाकडे आणला.

जागृतीनं मनगट धरलं. वाटी नाकापासून वीतभर अंतरावर होती, आणि हळदीच्या वासाखालून दुसरा एक वास आला. गोडसर, औषधी. सहा महिने रोज झोपताना तिनं तो हुंगला होता. तो तिनं झोपेतही ओळखला असता.

"ताई, काय घातलंय यात?"

"हळद आहे. काय घातलंय म्हणजे?"

"डबीतलं घातलंय."

सोनलनं आवाज खाली आणला. "अगं, थोडंसं घातलंय, ग्लोसाठी. उद्या फोटो आहेत, माझ्या भावाचं लग्न आहे. एका दिवसानं काय होत नाही."

"हातापायाला साधी हळद लावा. ही नको. आणि तोंडाला काहीच नको."

"उष्टी हळद गालाला नाय?" मागची एक बाई मोठ्यानं म्हणाली. "मंग आमी आलो कशाला? ताट घिऊन परत जाव?"

डीजे कोणीतरी बंद केला. एवढ्या गर्दीत एकदम शांतता पसरली की प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच बोलावलंय, तसे सगळे पुढे सरकले. नावड्याच्या बायका उभ्या राहिल्या. ताट परत गेलं तर उद्या वरात येईलच याची कोणी खात्री देऊ शकत नव्हतं. गोटीराम गर्दीतून वाट काढत आला. आयुष्यात कोणासमोर वाकला नव्हता तो माणूस. जमिनीच्या मोजणीला आलेल्या साहेबालाही त्यानं बसायला खाट दिली नव्हती. त्यानं मुलीसमोर हात जोडले.

"बाय, एक बोट लावून घे. मंग धुवून टाक. माज्यासाठी."

जागृतीला रडू फुटलं. बापानं हात जोडले की लेकीचं काय उरतं? तिनं क्षणभर गाल पुढे केलासुद्धा. मग तिला तो स्टीलचा पेला आठवला, आणि ती मागे सरली. तिनं मोबाईल मागितला आणि सगळ्यांसमोर दिपेशला फोन लावला.

"हळदीत क्रीम घातलंय. मी लावून घेणार नाही. तू बायकांना सांग."

पलीकडे त्याच्या मांडवातला गोंधळ ऐकू येत होता. दिपेश त्यातून जरा बाजूला आला. मग म्हणाला, "यार जागृती, एवढे पाहुणे आहेत. ताईचा इन्सल्ट होईल. एक दिवसाचा प्रश्न आहे, लावून घे ना. टेन्शन नको वाढवू."

जागृतीच्या अंगातून काहीतरी निघून गेलं. भीतीच गेली बहुतेक, कारण ती बोलली तेव्हा तिचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला.

"मी उद्या ह्याच तोंडानं उभी राहणार आहे. हे तोंड नको असेल तर वरात आणू नकोस."

तिनं फोन बंद केला. भागीरथीनं कपाळाला हात लावला. बायकांत कुजबुज उठली, पोरगी हाताबाहेर गेली, नोकरी करणाऱ्या पोरी अशाच. सुंदराबाईनं जेवण कुठवर आलं ते विचारून घेतलं.

जागृती पाटावरून उठली नाही. उठली असती तर हळद मोडली, असं झालं असतं, आणि ते तिला मोडू द्यायचं नव्हतं. बसल्या बसल्या तिनं सोनलकडे बघितलं. सोनल मांडवाच्या खांबाला टेकून एकटीच उभी होती. हॅलोजनखाली मेकअप घामानं ओघळायला लागला होता. कोणीतरी तिला थंड पाण्याची बाटली दिली होती, पण ती पाणी पीत नव्हती. बाटली तिनं गालाला धरली होती, दाबून. थोड्या वेळानं तिनं ती फिरवून थंड बाजू लावली.

जागृतीचा सगळा राग जागच्या जागी थांबला.

"ताई, इकडे या," ती म्हणाली. सोनल आली नाही. "या ना. गरम होतंय का?"

सोनलनं चमकून बघितलं. मग येऊन समोर बसली.

"किती वर्षं लावताय?"

सोनलनं आधी मान हलवली, नाही म्हणून. मग तिचे डोळे भरले. "सोडून बघितलं गं. तोंड फुटतं. परत लावते. पार्लरवाली आहे मी, असलं तोंड घेऊन लोकांसमोर कशी बसू?"

"मी बसलेय ना," जागृती म्हणाली. "बघा. अख्ख्या गावासमोर बसलेय. काय झालं मला?"

 जागृतीनं तेलाची वाटी पुढे ओढली. मघाशी सुवासिनींनी वापरलेलं खोबरेल होतं ते, उरणच्या घाण्याचं, काही न मिसळलेलं.

"मला उष्टं पाहिजेच आहे तुमच्या घरचं. नाही कोण म्हणतंय? पण हळदीचं नको, तेलाचं द्या. आधी तुमच्या गालाला लागू दे, मग त्याच वाटीतलं मला लावा. नवऱ्याची सख्खी बहीण आहात तुम्ही."

"असा कुटं असतं?" मागून आवाज आला.

"बहीन काय शेजारची हाय?" सुंदराबाई खेकसली. "आटपा. भाकऱ्या निवल्या."

पण अडचण वेगळीच होती, आणि ती फक्त त्या दोघींना कळत होती. तेल लावायचं तर आधी तोंड पुसायला हवं. सोनलनं एकदा मोबाईल धरून उभ्या असलेल्या बायकांकडे बघितलं. त्यांत तिची निम्मी गिऱ्हाइकं होती. जागृतीनं तिला घाई केली नाही. कोणी कोणाचं तोंड पुसून देऊ शकत नाही, हे तिला माहीत होतं.

सोनलनं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडावर मारलं आणि भारीतल्या साडीचा पदर घेऊन पुसून काढलं. पदर पिठूळ झाला. खालून जे तोंड निघालं ते लाल होतं, पातळ, नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक शिरा दिसत होत्या, हनुवटीवर पुरळ. नावड्याच्या बायकांपैकी एकीनं 'अगो बाय!' म्हणून तोंडावर हात घेतला. सोनल ताठ बसून राहिली. 

जागृतीनं तेलात बोटं बुडवली आणि अगदी हलक्या हातानं, न चोळता, तिच्या दोन्ही गालांना लावलं. "चरचरलं तर सांगा, लगेच धुवू. आणि उद्या-परवा माझ्याबरोबर पनवेलला चला. एकदम सोडायचं नसतं ते, डॉक्टर सांगतील तसं सोडायचं."

"लग्नानंतर चौथ्या दिवशी जाऊ," सोनल म्हणाली आणि रडता रडता हसली. "पूजा झाली की." मग तिनं त्याच वाटीत आपली बोटं बुडवली आणि जागृतीच्या गालांना लावली. सुंदराबाईनं धवला उचलला. बायका आधी बिचकत, मग मोठ्यानं तिच्या मागे म्हणू लागल्या. क्रीम घातलेल्या हळदीचं ताट पाटाच्या बाजूला तसंच राहिलं, आणि साधी हळद आतून वाटून आणायला कोणीतरी धावलं.

तेवढ्यात पाटावर ठेवलेला फोन वाजायला लागला. पडद्यावर दिपेशचं नाव. तो काय म्हणणार, वरात येणार की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. गोटीराम पुढे वाकला.  जागृतीनं फोनकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे, आणि सोनलच्या कानामागे राहिलेला मेकअप पुसायला लागली. फोन वाजून वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजला.

भागीरथीनं तो उचलला. सहा महिने जिनं लेकीच्या गोऱ्या रंगाचं गावभर सांगितलं होतं, त्या बाईनं घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "जावयबापू, तिचे हात तेलाचे हायत. काय बोलाचा ता उद्या मांडवान बोला. आन येताना तोंडाला तेल लावून या."